खेळताना दुखावलेला खांदा आणि कॉलेजचा कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या सदरात गेल्या पंधरवड्यात एका वाचकांनी लिहिलं होतं की, अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यायचे की नाहीत आणि किती द्यायचे, यात तिथल्या सरकारने पडू नये. कॉलेजं आणि बाजार आपसात बघून घेतील. पत्र मनापासून लिहिलेलं होतं. पण माझी थोरली लेक चार वर्षं तिथल्या एका सरकारी विद्यापीठाकडून टेनिस खेळली, आणि त्या चार वर्षांचे कागद माझ्या कपाटात आहेत. म्हणून हे लिहितो आहे. पत्र लांबलं तर क्षमा असावी.

मी इचलकरंजीचा. तीस वर्षं पतसंस्थेत हिशेब लिहिले. लेक आठ वर्षांची असल्यापासून पहाटेच्या एसटीने तिला कोल्हापूरला कोर्टवर न्यायचो आणि परत येऊन दहाला कामावर बसायचो. एआयटीएच्या, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, स्पर्धांसाठी स्लीपरच्या डब्यातून निम्मा देश पालथा घातला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती पूर्ण शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेली, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. त्या काळी कॉलेज खेळांतल्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीच्या महिला टेनिस संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, त्यातली एक आमच्या घरात आली. ती अठरा वर्षांची होती, त्यामुळे कागदावर पालकाचीही सही लागली. पहिल्या पानावर फी, राहणं, जेवण आणि पुस्तकं यांचे आकडे होते. दुसऱ्या पानावर मुदत होती, एक शैक्षणिक वर्ष. मी दुसऱ्यांच्या कर्जरोख्यातली मुदत बोट ठेवून वाचणारा माणूस, पण त्या दिवशी ते वाक्य माझ्या नजरेखालून गेलं आणि मनात उतरलं नाही.

पहिल्या वर्षी तिने मला तासांचा हिशेब पाठवला. तिथल्या कॉलेज खेळांची मोठी संघटना एनसीएए. तिचा नियम सांगतो की, हंगामात खेळाडूकडून आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त खेळ करून घ्यायचा नाही. ऐकायला छान. पण सामन्याचा अख्खा दिवस त्या नियमात तीनच तासांचा धरला जातो. बसचा प्रवास मोजतच नाहीत. लेक शुक्रवारी दुपारी बसमध्ये बसायची, शनिवारी दुहेरी आणि एकेरी मिळून चार-साडेचार तास कोर्टवर असायची आणि रात्री दोनला खोलीवर पोचायची. कागदावर तास तीन. कोणीही नियम मोडलेला नव्हता.

मग आला १ जुलै २०२१. त्या दिवसापासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीचे पैसे घ्यायची परवानगी मिळाली. ही मोकळीक संघटनेने आपल्या मनाने दिली असं कोणी समजू नये. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने तसा कायदा केला, मग एकामागून एक राज्यं पुढे आली. आणि २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन या माजी खेळाडूच्या खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल संघटनेविरुद्ध दिला. शिक्षणाशी जोडलेल्या लाभांवर तिने घातलेली मर्यादा बेकायदा ठरली. एनसीएए कायद्याच्या वर नाही, असं न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी आपल्या स्वतंत्र मतात स्पष्ट लिहिलं. पुढच्या दहाच दिवसांत दरवाजा उघडला.

लेकीच्या संघातल्या, तिथल्याच गावच्या एका अमेरिकन मुलीला आइस्क्रीमच्या दुकानाच्या जाहिरातीचं काम मिळालं. ती सहाव्या क्रमांकावर खेळायची, माझी लेक दुसऱ्या. लेकीलाही विचारणा झाली. तिने परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात चौकशी केली तर उत्तर आलं की, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना असं काही करू नकोस, हे काम समजलं जाईल, व्हिसा धोक्यात येईल. रात्री फोनवर म्हणाली, "पप्पा, फोटोत उभं राहिलेलं चालतं, त्याचे पैसे घेतलेले चालत नाहीत." केंटकीकडून बास्केटबॉल खेळणारा, मूळचा काँगोचा ऑस्कर शिब्वे २०२२ मध्ये देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यालासुद्धा संघ बहामास बेटांवर गेला तेव्हा तिथे, म्हणजे अमेरिकेच्या हद्दीबाहेर, जाहिरातीची कामं उरकावी लागली. बाजाराने त्याला नाकारलं नव्हतं. अडवलं होतं व्हिसाच्या कायद्याने, आणि तो फक्त वॉशिंग्टनमध्येच बदलता येतो. बाजार बघून घेईल म्हणणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

आता खांद्याचं सांगतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्व्हिस करताना तिच्या उजव्या खांद्याच्या सांध्याची कड फाटली. तिथल्या ट्रेनरबाईंनी फार मायेने केलं. कोचनेही शिष्यवृत्ती काढली नाही. या माणसांबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. विश्रांती, व्यायाम, इंजेक्शन झाल्यावर वसंतातला हंगाम ती पट्ट्या बांधून खेळली. मे २०२३ मध्ये पदवी मिळाली आणि विमा संपला. जूनमध्ये घरी आली तेव्हा केस विंचरायला हात वर जात नव्हता. मिरजेला शस्त्रक्रिया केली. १ लाख ८५ हजार रुपये, वर सहा महिने फिजिओथेरपी. विद्यापीठाला मेल केला. सभ्य भाषेत उत्तर आलं की, ती आता आमची विद्यार्थी-खेळाडू राहिलेली नाही.

विद्यार्थी-खेळाडू. हा शब्द कुठून आला ते मी नंतर शोधून वाचलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजकडून फुटबॉल (तिथला, हातात चेंडू घेऊन खेळायचा) खेळताना रे डेनिसन नावाचा तरुण डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोने कामगार भरपाईचा दावा लावला. १९५७ मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. का, तर कॉलेज फुटबॉलचा धंदा करत नाही, म्हणून मुलगा कामगार नाही. याच दशकात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स आणि त्यांच्या माणसांनी 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द घडवला आणि सगळ्या नियमांत, सगळ्या पत्रकांत तोच वापरायला लावला. कामगार भरपाईचे दावे टाळणं हा त्यामागचा हेतू होता, हे निवृत्तीनंतर बायर्स यांनीच मान्य केलं.

आमच्या गावात मला हे नवीन नव्हतं. माझे वडील सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ द्यायच्या कारखान्यात, होते. यंत्रमागावर कोणाचं बोट गेलं की काही मालक म्हणायचे, अहो तो कामगार कुठला, घरातलाच पोरगा आहे आमचा. घरातला म्हटलं की हजेरी नाही, फंड नाही, ईएसआय नाही. तो मालक वाईटच असायचा असं नाही. सणाला कपडे करायचा, पोराच्या लग्नाला उचल द्यायचा. पण बोटाची भरपाई मायेवर सोडून चालत नाही, तिला कायदा लागतो.

सरकारने यात पडू नये म्हणणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक नसावी. ही एनसीएए संघटना जन्मलीच सरकारच्या दटावणीतून. १९०५ च्या फुटबॉल हंगामात १८ जण दगावल्याचं त्या वेळच्या वृत्तपत्रांनी छापलं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या माणसांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. त्यानंतरच्या बैठकांतून १९०६ मध्ये ही संघटना उभी राहिली. शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला बंदी घालणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा नसता तर मुलींच्या टेनिसला आठ शिष्यवृत्त्या मिळाल्या असत्या का? माझ्या लेकीचं विमानाचं तिकीट त्या कायद्याने काढलं, असंच मी मानतो.

आता पैसे उघडपणे आले आहेत. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर, आणि पुढे कॉलेजांना हवं तर स्वतःच्या खेळाडूंना थेट पैसे देता येतील. पहिल्या वर्षाची मर्यादा दर कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ज्याच्या नावाने खटला ओळखला जातो तो ग्रँट हाउस हा जलतरणपटू. पण जुन्या भरपाईतला सुमारे नव्वद टक्के वाटा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलकडे जाणार असं ठरलं, म्हणून काही महिला खेळाडू टायटल नाइनच्या आधारे अपिलात गेल्या.

इथे मला माझ्याच विरुद्ध बोलावं लागतं. टेनिस संघ दमडी कमावत नाही. लेकीची फी, तिची खोली, तिचं जेवण हे सगळं फुटबॉलच्या तिकिटांवर आणि टीव्हीच्या पैशांवर चालायचं. ती सांगायची, जेवणघरात शेजारी बसणारा फुटबॉलचा एक मुलगा गुडघ्यावर बर्फ बांधूनच जेवायचा. त्याला तेव्हा पगार नव्हता. म्हणजे माझ्या लेकीच्या शिष्यवृत्तीत त्याच्या गुडघ्याचा हिस्सा होता. आज त्याला पैसे द्या म्हटलं की टेनिस, पोहणं, जिम्नॅस्टिक्स बंद पडतील अशी भीती घातली जाते. भीती खोटी नाही. २०२० मध्ये करोनाच्या वेळी आयोवा विद्यापीठाने पुरुषांचं टेनिस बंद केलंच. पण त्या मुलाने फुकट खेळावं म्हणजे माझ्या मुलीला खेळता येईल, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आधी दुसरीकडे बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने फुटबॉलच्या कोचला मुदतीआधी घरी पाठवलं आणि त्याच्या करारापोटी सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर देणं मान्य केलं. काम न करण्याचे एवढे पैसे निघतात, तिथे टेनिसची जाळी परवडत नाही हे मला हिशेबात बसत नाही.

म्हणून सरकारने यावं, नक्की यावं. मात्र कोणाच्या बाजूने यावं यावर माझं ठाम मत आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात स्कोअर नावाचं विधेयक आलं. डिसेंबरमध्ये मतदान होणार होतं, ते ऐनवेळी मागे ठेवलं. त्यात चांगलंही आहे. मोठ्या कॉलेजांनी किमान १६ खेळ चालू ठेवावेत, दुखापतीचा खर्च द्यावा असं त्यात म्हटलं आहे. पण त्यासोबत संघटनेला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण आणि खेळाडूला कर्मचारी म्हणायला बंदी. ज्या कायद्याच्या जोरावर ऑल्स्टन जिंकला, हाउस खटल्यात संघटना तडजोडीला आली, तोच हातातून काढून घ्यायचा! हे मला मान्य नाही. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन करायचं ठरवलं होतं, वर्ष संपता संपता त्यांना अर्ज मागे घ्यावा लागला. या मुलांना मालकासमोर बसून बोलण्याचा हक्क कायद्याने द्या, मग पगाराचा आकडा सरकारला ठरवावाच लागणार नाही.

दुखापतीचा खर्च मात्र कायद्यातच हवा. ऑगस्ट २०२४ पासून एनसीएएने नियम केला आहे की, पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांनी खेळातल्या दुखापतीवरचा उपचार, खेळाडू बाहेर पडल्यावरही किमान दोन वर्षं द्यायचा. माझी लेक पंधरा महिने आधी बाहेर पडली. तिचं राहिलं, पुढच्यांना मिळालं याचा मला खरोखर आनंद आहे. पण जी संघटना नियम करते ती उद्या बदलूही शकते, आणि इतक्या वर्षांत तिने काही दिलं असेल तर ते कोर्ट किंवा राज्य सरकार दारात उभं राहिल्यावरच.

हे सगळं मराठी वृत्तपत्राला का लिहितो, असं कोणी विचारेल. गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका स्पर्धेला गेलो होतो. चौदा वर्षांच्या मुलींचे पालक कडेला बसून यूटीआरचे, म्हणजे टेनिसमधल्या मानांकनाचे, आकडे मोजत होते. तीन जणांनी अमेरिकेत शिष्यवृत्ती मिळवून देणाऱ्या एजंटला लाखांत रक्कम दिलेली होती. एकानेही त्याला विचारलं नव्हतं की, करार किती वर्षांचा, दुखापत झाली तर काय, पदवीनंतर विमा किती दिवस, संघातल्या जागा कमी झाल्या तर मुलीचं काय. नव्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांच्या टेनिस संघाला दहाच जागांची मर्यादा आहे, हेही कोणाला माहीत नव्हतं. मुलींना पाठवू नका असं मी मुळीच म्हणत नाही. माझी लेक तिथे घडली, आज पुण्यात चांगल्या नोकरीत आहे. शनिवार-रविवार लहान मुलांना शिकवते, सर्व्हिस तेवढी दुसऱ्याकडून करून दाखवते.

तिचे चारही वर्षांचे करार, तासांची वही आणि मिरजेची बिलं मी नीट लावून ठेवली आहेत. नावं झाकून त्यांच्या झेरॉक्स आपल्याकडे पाठवायची माझी तयारी आहे. ज्या पालकांना सही करण्याआधी असा कागद एकदा डोळ्यांनी बघायचा असेल, त्यांना त्या आपल्या कार्यालयात बघू द्याव्यात, ही विनंती. मुदतीच्या वाक्याखाली मी लाल रेघ मारून ठेवतो.

आपला,
एका टेनिसपटूचा बाप, इचलकरंजी