पुली गेली तर पुलीच बदला, अख्खा ऑल्टरनेटर कशाला?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की तुमच्या पेपरात गाडीची काळजी कशी घ्यायची असं काही ना काही येतंच, वायपर बघा, टायर बघा, ब्रेक ऑइल बघा, सगळं बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला की पुढे गॅरेजमध्ये जे काय होतं त्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. माझं म्हणणं एवढंच आहे की चार्जिंग बंद झालं म्हणजे दर वेळी ऑल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज करणारं, बॅटरी चार्ज करणारं मशीन) जळालेला नसतो, काही वेळा फक्त त्याच्या तोंडावरची पुली, म्हणजे बेल्ट ज्यावरून जातो ते चाक, गेलेली असते, ती वेगळी मिळते, वेगळी बदलता येते आणि ज्याला पाना-पक्कड हातात धरायची सवय आहे त्याला घरच्या पार्किंगमध्येसुद्धा जमते.

आमची डिझेल गाडी आहे, पहाटे स्टार्ट केली की बेल्टचा किंचित ची-ची आवाज आणि बंद केली की क्षणभर खर्रर्र, असं बरेच दिवस चाललं होतं आणि मग एक दिवस दिवा लागला. गॅरेजला नेली (नाव देत नाही, बडोद्यातलंच आहे आणि माणसं वाईट नाहीत), पोरानं बॅटरीला मीटर लावला, चार्जिंग येत नाही म्हणाला आणि लगेच निकाल, "काका, आखुं ऑल्टरनेटर बदलवुं पडशे." भाव पाच आकडी. पुलीचं काय बघितलंस का रे म्हटलं तर म्हणाला पुली एकली ना आवे, म्हणजे सुटी येत नाही. सुटी येते! स्पेअरपार्टच्या दुकानात ऑल्टरनेटरचा नंबर सांगितला की काढून देतात, आणि पूर्ण ऑल्टरनेटरच्या मानानं पैसे फार कमी लागतात.

आता ही पुली म्हणजे नुसतं खोबणीचं लोखंडी चाक नाही हे आधी समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिन आपल्याला एकसारखं फिरतंय असं वाटतं पण ते तसं फिरत नाही, चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे गाडी 800 आरपीएमवर नुसती उभी असली तरी सेकंदाला 26-27 धक्के, प्रत्येक धक्क्याला क्रँक थोडा पळतो आणि मग मंदावतो. डिझेलमध्ये हे धक्के जास्त जोरदार. त्याच बेल्टवर ऑल्टरनेटर बसलेला, तो इंजिनाच्या अडीच-तीन पट वेगानं फिरतो आणि त्याचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, तांब्याचं वेटोळं आणि लोखंड, चांगला वजनदार. क्रँक मंदावला तरी तो मंदावायला तयार नसतो, मग बेल्टला हिसके बसतात, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर थडथडतो. म्हणून पुलीच्या आत एका बाजूनेच पकडणारा क्लच घालतात, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. बेल्ट पुढे ओढतो तेव्हा पुली रोटरला घेऊन फिरते, बेल्ट मंदावला की रोटर आपल्या गतीनं सुटा फिरत राहतो. काही गाड्यांत याच्या जोडीला आत एक स्प्रिंगसुद्धा असते, ती पुढचे धक्केही गिळते.

हा आतला क्लच दोन तऱ्हेनं मरतो. एक, जाम होतो, मग पुली साध्या चाकासारखी वागते, चार्जिंग येत राहतं पण गाडी आयडलला (नुसती उभी चालू असताना) थरथरते, बेल्ट आवाज करतो, टेन्शनर नाचतो. दुसरं, दोन्हीकडे घसरायला लागतो, मग बेल्ट पुलीला फिरवतो पण पुली रोटरला फिरवत नाही आणि दिवा लागतो. आमचं हे दुसरं होतं आणि ते बघायला काही लॅब लागली नाही. संध्याकाळी बोनेट उघडून गाडी चालू ठेवली, ओढणी, टाय, लोंबणारं काही अंगावर नाही याची खात्री करून जरा लांबूनच ऑल्टरनेटरच्या जाळीतून टॉर्चचा झोत आत टाकला. पुली गरगरतेय आणि तिच्या मागे जाळीआड जो पंखा भिंगरीसारखा फिरायला हवा तो आपला निवांत, मधेच थोडा सरकतो, परत थांबतो! पंखा रोटरवरच बसलेला असतो, तोच फिरत नाही तर वीज कुठून येणार? मीटर लावून ते पोरगं जे बोललं ते खोटं नव्हतं, चार्जिंग खरंच येत नव्हतं, पण का येत नाही हे बघायचे कष्ट घेतले नाहीत.

मीटरचं म्हणाल तर गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते आणि गाडी चालू केल्यावर 13.8 ते 14.4 च्या दरम्यान दिसायला हवं. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो त्यामुळे आकडा खालीवर होतो, तेव्हा त्यावरून एकदम निष्कर्ष काढू नका. पण चालू गाडीत 12 च्या आसपास येऊन खालीच उतरत असेल तर मग प्रश्न आहे.

आता बदलण्याचं. पहिली गोष्ट बॅटरीची निगेटिव्ह काढायची, हे मी दोनदा लिहायला तयार आहे, कारण ऑल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत गाडी बंद असतानाही थेट बॅटरीचा करंट असतो आणि पाना तिकडे आणि बॉडीला एकदम टेकला की वेल्डिंगच होतं. इंजिन पूर्ण थंड पाहिजे. बेल्ट काढायच्या आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, कुठल्या पुलीवरून आणि कुठल्या पुलीखालून गेलाय ते, बसवताना हे आठवत नाही, कुणालाच आठवत नाही. टेन्शनरला लांब दांड्याचा पाना लावून फिरवला की बेल्ट सैल होतो. ज्या गाड्यांत टेन्शनरच नाही, ताणून बसवायचा बेल्ट आहे, तिथे ते काम वेगळ्या टूलचं आहे, जबरदस्तीनं ओढून बेल्ट बसवू नका.

बेल्ट निघाला की पुली हातानं तपासा. रोटर हलणार नाही असा धरून पुली फिरवली तर एका बाजूला पकडली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला सुटी फिरली पाहिजे, स्प्रिंगवाली असेल तर पकडायच्या बाजूला दाबल्यासारखं लागतं. दोन्हीकडे सुटी किंवा दोन्हीकडे जाम म्हणजे गेली. रोटर धरायला पंख्यात पेचकस खुपसायची आपल्याकडे पद्धत आहे, कृपा करून नको, पंख्याची पाती पातळ पत्र्याची असतात, वाकली की मग खरोखरच ऑल्टरनेटरवर खर्च.

काही गाड्यांत पुली जागेवरच निघते, काहींत ऑल्टरनेटर खाली उतरवावा लागतो आणि काहींत तर चाक काढून आतलं प्लॅस्टिकचं कव्हर काढल्याशिवाय हातच पोचत नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड लावायचेच. आमच्यात जागा बेताची होती म्हणून ऑल्टरनेटर उतरवूनच घेतला, दोन-तीन बोल्ट आणि वायरी, त्यात काही विशेष नाही.

विशेष आहे ते टूल. पुलीच्या तोंडावरची काळी टोपी काढली की आत बाहेरच्या बाजूला बारीक 33 दाते दिसतात आणि मधोमध शाफ्टच्या टोकाला सहा पाकळ्यांचा तारा किंवा बारा टोकांचं भोक. दात्यांत एक खास सॉकेट बसतं आणि त्याच्या पोटातून लांब बिट शाफ्टमध्ये जातो, बहुतेक ठिकाणी टी-50 किंवा एम-10 मापाचा, बिटानं शाफ्ट धरून ठेवायचा आणि सॉकेट फिरवून पुली सोडवायची, कारण पुली स्वतःच शाफ्टवर आट्यांनी बसलेली असते, वेगळा नट नसतो. हे टूल नसेल तर कामाला हात लावू नका असंच मी म्हणेन, पाइप पाना लावून पुली सोडवायला बघणारे महाभाग मी पाहिलेत, पुली तर खराब होतेच, शाफ्टही जातो. टूल ऑनलाइन मिळतं, इथल्या मकरपुरा जीआयडीसीकडच्या (औद्योगिक वसाहतीकडच्या) हार्डवेअरवाल्यांकडे विचारून बघा, आणि एखाद्या मशीनशॉपवाल्याची ओळख असेल तर बरंच, बडोद्यात अशी ओळख नसलेलं घर सापडायचं नाही. आटे बहुतेक सरळ असतात पण काही पुल्यांना उलटे आटे असतात, तेव्हा निघत नाही म्हणून जोर लावायच्या आधी एवढं बघून घ्या.

नवी पुली आणताना जुनी बरोबर न्या. खाचा मोजा, बेल्टवर 6पीके असं लिहिलेलं असतं, त्यातला 6 म्हणजे सहा खाचा आणि पुढचा आकडा बेल्टची मिलिमीटरमध्ये लांबी. पुलीचा व्यास, खाचा, खोली, आतले आटे, सगळं जुळलं पाहिजे, आणि क्लचवाली की स्प्रिंगवाली हेही जुन्यासारखंच. शाफ्ट पुसून घ्यायचा, पहिले आटे बोटांनीच फिरवायचे आणि शेवटी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना), बऱ्याच गाड्यांना 80 न्यूटन मीटरच्या आसपास असतं पण आपल्या गाडीचा आकडा बघून घ्यावा. इम्पॅक्ट गननं आवळायची नाही. जुना बेल्ट चिरा पडलेला असेल तर तो याच वेळी बदला, परत सगळं उघडायला कोण बसणार?

ज्यांच्या गाडीत सिग्नलला इंजिन बंद होऊन बेल्टवरच परत सुरू होतं, ते हायब्रिड म्हणून विकतात त्यातलं काही काही, त्यांनी यातलं काही करू नये, तिथे तेच मशीन स्टार्टरही असतं आणि पुलीची रचना वेगळी असते. वॉरंटीतल्या गाडीलाही हात लावू नये, हे काय सांगायला पाहिजे.

आता दुसरी तक्रार, आणि ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. क्लचवाली पुली महाग पडते म्हणून साधी ठोस पुली बसवून देणारेही आहेत, "अरे काका, चालशे!" चालते ना, दिवा विझतो, 14 व्होल्ट येतात, गिऱ्हाईक खूश. आणि मग काही महिन्यांनी बेल्ट तुटतो, टेन्शनरचं बेअरिंग बोलायला लागतं, ते वेगळं बिल, आणि त्याचा पहिल्या कामाशी काही संबंध आहे असं गिऱ्हाइकाला कधी कळतच नाही. काही गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असतो, तिथे बेल्ट तुटला तर गाडी तापते आणि हायवेवर पावसात उभं राहायची वेळ येते.

आमच्या वडिलांच्या वेळी अँबॅसिडर, फियाटला व्ही आकाराचा फॅन बेल्ट असायचा, डिकीत एक जादा ठेवलेला, अंगठ्यानं दाबून ताण बघायचा आणि रस्त्यावरच बदलून पुढे निघायचं, कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. गाड्या गुंतागुंतीच्या झाल्या हे खरं, पण एवढ्याही नाही झाल्या की मालकानं बोनेट उघडूनच बघू नये. आणि ही स्थिती बडोद्यात असावी याचं जास्त वाईट वाटतं. माणेजाला 1962 पासूनची बेअरिंगची कंपनी आहे, आधी प्रिसिजन बेअरिंग्ज, मग एफएजी, आता शेफलर, आणि आयएनए नावानं अशा फ्रीव्हील पुल्या जगभर विकणारा समूह तोच. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते लोकांनी हातानं काम शिकावं म्हणून, दादासाहेब फाळके तिथे शिकले हे आपण अभिमानानं सांगतो, त्याच जागी आज विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. तिथल्या पोरांनी अधूनमधून एखाद्या रविवारी गाडीमालकांना बोनेट उघडून चार गोष्टी दाखवल्या तर गर्दी होईल, मी तर पहिल्या रांगेत असेन.

गॅरेजवाल्यांशी माझं भांडण नाही, त्यांनाही सुटी पुली बदलण्यापेक्षा अख्खा ऑल्टरनेटर बदलणं सोपं आणि हमीचं वाटत असेल. मग तसं सांगा की बाबा पुली गेलीय, फक्त पुली बदलली तर एवढे, पूर्ण बदललं तर एवढे, जुना ऑल्टरनेटर फार चाललेला असेल तर पूर्ण बदलणंच शहाणपणाचं असतं हेही गिऱ्हाइकाला पटेल. आणि काढलेला जुना पार्ट हातात द्या. तुमच्या पेपरला विनंती की गाडीच्या सदरात हा विषय एकदा नीट चित्रासकट घ्यावा, मजकूर बडोद्यापर्यंत ऑनलाइन लगेच पोचतो, छापील अंकाची वाट बघायला लागत नाही.

आपला,
एक जुना वाचक
कारेलीबाग, बडोदा

ता. क. नव्या पुलीबरोबर प्लॅस्टिकची टोपी येते ती विसरू नये, शोभेची वाटते म्हणून लोक फेकून देतात. तिच्याविना धूळ आणि पाणी सरळ क्लचच्या बेअरिंगमध्ये जातं, आणि आपल्याकडचे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. जुनी टोपी काढताना तुटतेच, तेव्हा दुकानातून पुली घेतानाच टोपी आहे ना हे बघून घ्यावं.