मनू, कागद घेतलास का

मनू,

पहाटे साडेतीनला तुझा फोन आला तेव्हा तिकडे रात्रीचे अकरा वाजलेले, व्हिसा संपायला एक तास, आणि मी तुझं ऐकून घ्यायच्या आधीच ओरडलो की शेवटच्या दिवसाचं तिकीट काढलंसच कशाला. तू फोन ठेवलास. बरोबर केलंस. तिकीट ऑफिसने काढलेलं आणि फ्रँकफर्टला बर्फ काही तू पाडला नव्हतास. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीये, नुसता ओटा पुसतेय.

पोलिसांच्या काउंटरवर जाऊन आलीस, ते म्हणाले उद्या जा, काही होत नाही. पण हे कुणी लेखी दिलं का? शिफ्ट बदलली की तोंडी बोललेलं संपलं गं. एअरलाइनकडून फ्लाइट कॅन्सलचं लेटर घे, त्यावर नंबर, तारीख, कारण सगळं पाहिजे. सकाळपासून वाचत बसलोय, आपल्या हातात नसलेल्या कारणाने माणूस अडकला तर व्हिसा वाढवून द्यायची सोय शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या त्या युरोपातल्या देशांच्या, नियमांतच आहे, त्याला फीपण नाही. ते तिथल्याच लोकांच्या हातात असतं, आपलं कॉन्सुलेट व्हिसा वाढवून देत नाही. आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे ये-जा कॉम्प्युटरवर चढायला लागलीय, दिवस तो आपोआप मोजतो, पण बर्फ पडला होता हे त्याला कोण सांगणार? पुढच्या वेळी व्हिसाला कुणी विचारलं तर तुझ्या हातात कागद पाहिजे.

परत लेक्चर झालं. सॉरी. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवनला जर्मन शिकायला जायचीस तेव्हा सायकलची चेन पडली की काळे हात घेऊन घरी यायचीस आणि हात न धुताच भिंतीला टेकून डेर डी दास पाठ करत बसायचीस. तुझ्या बोटांचा डाग अजून आहे तिथे, रंग काढताना पेंटरला तेवढी जागा सोडायला लावली मी. काल रात्री त्याच भाषेत तू एकटी त्या पोलिसाशी बोललीस. कुणाला सांगू न कुणाला नको असं झालंय, पण आई म्हणते आधी घरी येऊ दे.

माझं कागदाचं वेड तुला माहितीये, कारण कधी सांगितलं नाही. लग्नाआधी मुंबईला गेलो होतो, रजा रविवारपर्यंत, घाटात दरड आली आणि रात्रभर कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर. स्टेशन मास्तर चिठ्ठी देत होते, मी म्हटलं कशाला, पेपरात येईलच की. साहेबांनी दोन दिवस बिनपगारी लावले, सर्व्हिस बुकात लाल शाईने. पैशाचं काही नाही, पण रिटायर होईपर्यंत कुणी ते पान उघडलं की मी खाली बघायचो. तुझ्या नावापुढे तसलं काही नको, एवढंच.

खाल्लंस का? खाणं एअरलाइनने द्यायचं असतं, मागून घे, लाजू नकोस. पासपोर्ट जॅकेटच्या आतल्या खिशात ठेव. मुंबईला उतरलीस की कॅब करू नकोस, मी येतोय, रात्र असली तरी येतोय.

फोटो पाठव. कागदाचा, आणि तुझापण.

बाबा