बुद्धप्रतिमा आणि आजचे चित्रकथाकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आजचे चित्रकथाकार बुद्धाला कॉमिक्सच्या चौकटीत आणतात तेव्हा त्यात अवमान पाहावा की अभ्यास, असा प्रश्न अनेक श्रद्धावंतांना पडतो. प्रतिमा किती बदलली यापेक्षा ती किती जाणून घेऊन बदलली, हे पाहून त्याचे उत्तर द्यावे, असे माझे मत आहे.

जपानचे ओसामु तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात ‘बुद्ध’ ही प्रदीर्घ चित्रकथा रेखाटली. भुकेल्याला अन्न मिळावे म्हणून आगीत उडी घेणाऱ्या सशाची जातककथा (बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट) तिच्या आरंभीच येते; त्यानंतर बराच काळ कथेचा भार सिद्धार्थावर नसून तत्ता हा बहिष्कृत मुलगा आणि चाप्रा हा दास यांच्यावर असतो. ही दोन्ही पात्रे तेझुकांनी कल्पिलेली आहेत. त्यांचा प्राचीन भारत इतिहासाला धरून नाही आणि गंभीर प्रसंगात मध्येच घुसणारे आधुनिक विनोद मला खटकतात. पण जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजात बुद्धाची गरज कोणाला होती, हे त्यांनी तळातल्या माणसांच्या नजरेतून दाखवले, आणि १९५६च्या नागपूरचा वारसा सांगणाऱ्या आपल्या वाचकांना ते दुरून आलेले वाटणार नाही.

जपानच्याच हिकारू नाकामुरा यांच्या २००६पासूनच्या चित्रकथामालिकेत तर बुद्ध आणि येशू तोक्योजवळ एका खोलीत भाड्याने राहतात, आणि बुद्धाच्या कपाळावरची ऊर्णा, म्हणजे भुवयांमधली ठिपक्यासारखी खूण, बटण समजून दाबायला मुले धावतात. महापुरुषलक्षणे, म्हणजे बुद्धाच्या शरीरावरच्या अशा परंपरेने मानलेल्या खुणा, ठाऊक असलेल्यालाच सुचावा असा हा विनोद आहे. क्योतोच्या कोझान-जी या बौद्ध मंदिराने जपलेल्या १२व्या-१३व्या शतकांतील चित्रांच्या गुंडाळ्यांतही वानररूपी भिक्षू बुद्धाच्या जागी बसलेल्या बेडकाची पूजा करतो.

मुळात बुद्धाचे रूप आरंभापासून एकच होते, हे गृहीतकच टिकत नाही. सांची-भारहूतच्या प्राचीन बौद्ध स्तूपांवर शिल्पकारांनी त्याला मानवी रूपात न कोरता बोधिवृक्ष, पाऊलखुणा आणि रिकामे आसन यांतून सुचवले. अजिंठ्याच्या १०व्या लेण्यात छद्दन्त या सहा सुळ्यांच्या हत्तीची जातककथा भिंतीवर सलग रंगवलेली आहे, आणि त्याच लेण्यातील खांबांवर कित्येक शतकांनंतरच्या चित्रकारांनी बुद्धाच्या मानवी आकृती रंगवल्या. आधीच्या कलावंतांनी न दाखवलेले रूप दाखवण्याचे धैर्य त्यांनी केले, आणि आज तीच चित्रे आपण परंपरा म्हणून पाहतो.

अजिंठा ज्या भूमीत आहे, तिथल्या तरुण चित्रकारांना जातककथा आपल्या रेषेत मांडण्यासाठी आपल्या रविवार पुरवणीत नियमित पान द्यावे आणि सोबत मूळ कथा व शिल्पपरंपरेची माहिती छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, नागपूर