पालकमंत्री साहेब, आमच्या म्हाताऱ्यांचं बोलणं कॅमेऱ्यात घ्या

मा. पालकमंत्री, बेळगाव जिल्हा, यांना खुलं पत्र

साहेब, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, कणकुंबीच्या बाजूच्या एका लहान गावातला. कामाला बेळगावच्या उद्यमबागला कारखान्यात असतो आणि शनिवारी संध्याकाळी घरी जातो. यंदा गणपतीत आम्ही पोरांनी ठरवलं की आरतीनंतर दरवर्षीसारखा कुठलातरी पिक्चर लावायचा नाही, आणि शाळेच्या भिंतीला पांढरी चादर बांधून अप्पिको चळवळीवरची एक डॉक्युमेंटरी दाखवली. लांबचं काही नाही, शेजारच्या कारवार जिल्ह्यातलं, शिरसीकडचं.

डॉक्युमेंटरी कन्नडमध्ये आणि खाली इंग्लिश सबटायटल. आमच्या बायकांना दोन्ही येत नाही. मी दोन-दोन मिनिटाला थांबवून मराठीत सांगू लागलो, माझं कन्नड कारखान्यापुरतं, मधेच अडकलो की आमच्या गावातले एक काका जे पंचवीस वर्षं हुबळीला हॉटेलात होते ते पुढं बोलायचे, असं करत तासाभराची फिल्म अडीच तास चालली आणि तरी कोण उठून गेलं नाही.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल तरी लिहितो. 8 सप्टेंबर 1983 ला साळकणी गावची माणसं, बायका, पोरं कळसे जंगलात गेली आणि ठेकेदाराची कुऱ्हाड चालू होती तिथं झाडांना मिठी मारून उभी राहिली. अप्पिको म्हणजे कन्नडमध्ये मिठी मारा. 38 दिवस चाललं आणि शेवटी सरकारनं तोडीचा हुकूम मागं घेतला. त्यांची घोषणा होती उळिसु, बेळेसु, बळसु, म्हणजे राखा, वाढवा, वापरा. काकांनी यातला तिसरा शब्द दोनदा सांगितला, वापरा. जंगल राखणारी माणसं जंगल वापरणारीच होती.

कळसे नाव ऐकल्याबरोबर पुढं बसलेली माणसं एकमेकांकडं बघू लागली, कारण आमच्या दारात कळसा नाला आहे. त्याचं पाणी हुबळी-धारवाडकडं वळवायचा जो कर्नाटक-गोव्याचा म्हादईचा वाद आहे त्यात मी या पत्रात शिरत नाही, 2018 चा म्हादई लवादाचा निकाल आहे, कळसा-भांडुरातून 3.9 टीएमसी वळवायचं त्यात आहे, हुबळी-धारवाडच्या माणसांनाही तहान आहेच. पण नाला कुठं उगवतो, कुठली झाडं पडली की झरा आटतो, हे सांगणारं माणूस आमच्या गावात बसलेलं असताना त्याला विचारायला आजपर्यंत कोण आलं नाही, एवढं मात्र खरं.

फिल्म संपली तेव्हा आमच्या वाड्यावरची एक आजी म्हणाली, "आमी बी हेच करतो की रं, आमचा फोटो कुनी काढला न्हाई." खरंच आहे. देवाच्या रानातली वाळकी काटकी पण आमच्यात घरी आणत नाहीत. भिरंडं म्हणजे कोकमं काढताना झाडावर थोडी ठेवायची, मधाचं पोळं सगळं पिळायचं नाही, मार्च-एप्रिलात वणवा लागला की ओल्या डहाळ्या घेऊन आधी गावातली माणसं पळतात. माझ्या वडिलांच्या हातावर त्याचा डाग आहे.

आता मुद्द्याचं. 2006 चा वनहक्क कायदा आहे. आदिवासी नसलेल्या पण पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्या माणसांना त्यात तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षं तिथं राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो, तेव्हा जमिनीचा हक्क मिळतो. मी आमच्या घराचा दावा घेऊन एका ऑफिसात गेलो होतो, तिथं जुना कागद मागितला. आजोबांच्या वेळचा कागद कुठून आणू साहेब, छपराच्या घरात चार महिने पाऊस असतो, सातबाऱ्याचा पत्ता नाही, आजोबांना सहीसुद्धा येत नव्हती. नंतर कळलं की त्याच कायद्याच्या नियमात, 13 व्या नियमात, दावा करणाऱ्याशिवाय दुसऱ्या वयस्कर माणसाचं सांगणं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरतात. हे मला ऑफिसात सांगितलं असतं तर तेव्हा आमच्या गावात अशी तीन माणसं होती. आता एक आहे, तीच आजी. तिला रात्रीचं नीट दिसत नाही पण कुठल्या घराची जुनी जोत्याची जागा कुठं, कुठल्या साली कुणाचं गोठण हललं, सगळं तोंडपाठ आहे.

म्हणून माझी मागणी. भीमगड अभयारण्य 2011 ला झालं, त्याच्या आत आणि भोवती जी गावं आहेत, तिथं तुमच्या प्रशासनानं कॅमेरा पाठवावा, सफारीच्या जाहिरातीसाठी नाही तर या म्हाताऱ्यांचं सांगणं त्यांच्या मराठीत रेकॉर्ड करायला. तेच लिहून काढावं, ग्रामसभेत वाचून दाखवावं आणि दाव्याला जोडावं, सोबत कन्नड भाषांतर लावा, आमची काय हरकत असणार. सरकारकडं तक्रार आपल्या भाषेत द्यायचा हक्क घटनेच्या कलम 350 मध्ये दिलाय.

आणि हे होईपर्यंत कुणाला हलवू नये. अभयारण्यातल्या तळेवाडीची काही घरं पैसे घेऊन बाहेर पडली, तो त्यांचा निर्णय, पावसात पेशंटला खांद्यावरून नेताना काय होतं ते आम्हाला सांगायला नको. पण ज्यांना राहायचंय त्यांचा हक्क आधी ठरवायचा आणि ग्रामसभेची लेखी संमती घ्यायची, हे कायद्यातच आहे, आम्ही वेगळं काही मागत नाही.

दिवाळीनंतर आमचा रस्ता चालतो, तेव्हा एक संध्याकाळ या. फिल्म पुन्हा लावू, काका मराठीत सांगतील, तुम्हाला कन्नड येतंच. नंतर आजीजवळ बसा. लवकर या साहेब, ती ब्याऐंशी वर्षांची आहे.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक गावकरी