कोरियासाठी सामाईक प्रार्थना

महोदय,

१५ ऑगस्ट १९४५ रोजी कोरिया जपानी अमलातून मुक्त झाला आणि त्याच महिन्यात ३८व्या अक्षांशावर दुभंगला. १९५३च्या युद्धबंदीनंतर आजतागायत तिथे शांतता करार झालेला नाही. म्हणूनच १५ ऑगस्टपूर्वीच्या रविवारी उत्तर व दक्षिण कोरियातील ख्रिस्ती संघटनांनी ठरवलेली सामाईक प्रार्थना मला मोलाची वाटते. स्वित्झर्लंडमधील ग्लिओन येथे दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी १९८६मध्ये प्रथम भेटले, त्यातून ही प्रथा घडली आणि २०१३च्या बुसान अधिवेशनात जागतिक चर्च परिषदेने जगभरातील चर्चना तीत सहभागी होण्याचे आवाहन केले.

फेब्रुवारी १९८८च्या घोषणापत्रात दक्षिणेतील चर्चनी, उत्तरेतील बांधवांचा द्वेष करणे आणि त्या द्वेषाला श्रद्धेचे रूप देणे हे आपले पाप असल्याची कबुली दिली होती. कम्युनिस्टविरोध हाच राष्ट्रधर्म मानला जाण्याच्या त्या काळात असे लिहायला मोठे धैर्य लागले असणार. समेटाची प्रार्थना शत्रूच्या नव्हे, स्वतःच्या अपराधापासून सुरू झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्या स्वातंत्र्यदिनाच्या आधीच्या त्या रविवारी वसईतील चर्चमध्येही कोरियासाठी दोन शब्द उच्चारले जावेत, अशी माझी मनापासून विनंती आहे.

– एक वाचक, वसई