सुमे, तू माझ्या उजव्या हाताला बस

पुणे

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू काही बोलली नाहीस, पण मुंजीत मी तुझ्याशी तुटक वागले, हे तुझ्या मनाला लागलंय. पंगतीत तू माझ्या डाव्या हाताला बसली होतीस. वाढप्यांची धावपळ, सनई, आणि तू बोलत होतीस त्या कानाशी, जो गेल्या श्रावणात गेला. तुला आधीच सांगायला हवं होतं. मला लाज वाटत होती.

एका सकाळी उठले तर डाव्या कानाला दडा बसलेला, आत एकसारखी शिट्टी. मळ असेल म्हणून आईने कोमट तेल घातलं, जवळच्या डॉक्टरांनी सर्दीच्या गोळ्या दिल्या. ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, पोचेपर्यंत तीन आठवडे उलटले. नसेचं बहिरेपण, अचानक आलेलं. यात पहिल्या दोन आठवड्यांत स्टिरॉइड मिळालं तर कान परतण्याची आशा जास्त असते. मला नंतर कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं दिली, काही फरक पडला नाही. नसेवर गाठ नाही ना, म्हणून एमआरआय केला. तो चांगला आला. सुमे, तुमच्याकडे कुणाचा कान असा एकाएकी बसला तर तेल घालत बसू नकोस, त्याच दिवशी ईएनटीकडे ने आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे.

एक कान शाबूत आहे ना, मग झालं, असं सगळे म्हणतात. पण आवाज एका कानानंतर दुसऱ्या कानात पोचायला मिलिसेकंदसुद्धा लागत नाही, आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. ते माझं गेलं. कुकरची शिट्टी आपली की शेजारची, हे मी ओट्याशी जाऊन वाफ बघून ठरवते. मोबाइल वाजला की खोल्याखोल्यांतून हिंडते. रस्त्यावर सगळे हॉर्न उजवीकडूनच येतात, म्हणून मान पुरती वळवल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

साध्या श्रवणयंत्राचा मला उपयोग नाही. कानात काही उरलंच नाही, तर मोठं काय करणार? क्रॉस नावाचं यंत्र असतं: डाव्या कानावरचा माइक आवाज टिपून बिनतारी उजव्या कानातल्या यंत्राकडे धाडतो. दुसरं, कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून कवटीतून कंप पोचवायचा. हे 1977 मध्ये स्वीडनला सुरू झालं, आणि ऑपरेशनआधी डोक्याला पट्टा बांधून अजमावता येतं. पण दोन्हींत ऐकतो उजवाच कान, त्यामुळे दिशा परत येत नाही. गेलेल्या कानाला ऐकवतं ते कॉक्लिअर इम्प्लांट, ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र. एका कानाच्या बहिरेपणासाठी अमेरिकेत त्याला 2019 मध्ये मान्यता मिळाली. त्या ऑपरेशनची माझी अजून हिंमत नाही. दिव्यांगांच्या सवलतीचंही विचारलं, पण 2016 च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांत 60 डेसिबलचा ऱ्हास लागतो. एका कानाचं माणूस कुठेच बसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सध्या क्रॉस पंधरा दिवस घालून बघतेय. हॉटेलात नको वाटतं, डावीकडचा गलकाही चांगल्या कानात येतो. पण काल रिक्षात भाची डावीकडे बसून हळूच म्हणाली, "मावशी, मला भूक लागलीय," आणि मला ते पहिल्याच खेपेला ऐकू आलं. मी तिला तिथेच कुशीत घेतलं.

दिवाळीत ये. उजव्या हाताला बस, आणि मुंजीत काय सांगत होतीस ते सगळं पहिल्यापासून सांग.

तुझी,
माधुरी