त्या करड्या मांजरीबद्दल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. जिन्याखाली बसलेली करडी मांजरी आणि तिच्यापुढे दुधाची वाटी. आधी ती वाटी उचल. मोठ्या मांजरांना दूध बहुतेक वेळा पचत नाही, जुलाब लागतात. उकडलेली मासळी दे, काटे काढून. नाहीतर कोंबडीचे तुकडे. कांदा-लसूण नको, त्यांना ते विषच. तयार खाद्य आणलंस तर मांजरांचंच आण. कुत्र्यांच्या खाद्यात मांजराला लागतं तेवढं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य नसतं, आणि ते कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात.

आणि जिन्याखाली तर नकोच. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत स्पष्ट आहे, खाऊ घालायची जागा जिना, इमारतीचं दार आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब हवी. सेक्रेटरींशी बोलून मागचा एखादा कोपरा ठरवून घे. रोज एकाच वेळी घाल, अर्ध्या तासाने ताटली उचल, जागा पूस. तसंच ठेवलंस तर उंदीर-घुशी येतील, आणि मग सोसायटीवाले ओरडले तर त्यांचं काही चुकणार नाही.

‘महिन्याभरात मांडीवर येऊन बसेल बघ’ असं तू लिहिलंयस. नाही गं येणार. पिल्लाला माणसाची सवय लागते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. तेव्हा माणसाचा हात न लागलेलं मांजर पुढे सहसा लांबच राहतं. हिला फ्लॅटमध्ये कोंडलंस तर पलंगाखाली दडून बसेल, जेवणार नाही. तिला तुझा लळा नकोय, तुझ्याकडून तिची सोय हवीय.

त्यातली मोठी सोय म्हणजे नसबंदीचं ऑपरेशन. आधी कान बघ. एका कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर ते झालेलं आहे. नसेल तर घाई कर, कारण मांजरी चार-पाच महिन्यांचीसुद्धा गाभण राहते, नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. नुसतं पोटभर खायला घालून थांबलीस तर पिल्लं वाढवत बसशील, आणि त्यातली कितीतरी गाडीखाली नाहीतर साथीच्या रोगाने जातील. हे ऐकायला वाईट वाटतं, पण लोक भूतदया म्हणून करतात ते बऱ्याचदा एवढंच असतं.

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून सापळ्याचा पिंजरा मिळतो का बघ. काही दिवस दार उघडं बांधून आतच खायला ठेव. ऑपरेशनआधी कधीपासून उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांना विचार. आत शिरली की लगेच पिंजऱ्यावर जुनी चादर टाक, अंधारात ती शांत होते. ती पाजत असेल, तर पिल्लं कुठे आहेत ते आधी शोध. बेशुद्ध असतानाच रेबीजची लस टोचून घे. मग डॉक्टर सांगतील तेवढे दिवस ठेवून तिथेच सोड, जिथून उचललीस तिथे. ‘बागेत छान राहील’ असं कुणी म्हटलं तरी नाही. परक्या जागेत दुसरी मांजरं तिला टिकू देत नाहीत.

चावली किंवा ओरबाडलं, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद लावून ऑफिसला जायचं नाही. ती आजारी दिसली तर तुझ्या पर्समधली पॅरासिटामॉल तिला अजिबात द्यायची नाही. अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकतं.

मार्चमध्ये तुझी बदली व्हायची शक्यता आहे ना? मग तुझ्यामागे कोण घालणार, ते आत्ताच ठरव. समोरच्या काकू रोज घालतील का, सुट्टीत तू इकडे येशील तेव्हाचं काय, हे विचारून घे आणि दोघी मिळून घालायला लागा, म्हणजे मांजरीला त्यांचाही वास ओळखीचा होईल.

ऑपरेशनची तारीख ठरली की कळव, निम्मा खर्च मी पाठवते. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते म्हणतील, हिला स्वतःचा डबा वेळेवर खाता येत नाही आणि मांजरीचं वेळापत्रक सांभाळणार!

तुझी,
आई